निवडलेले कागद आणि न निवडलेले

(पेशवे दफ्तरातून निवडलेले कागद, खंड १ ते ४५, संपादक : गोविंद सखाराम सरदेसाई, मुंबई सरकारचे प्रकाशन, १९३० ते १९३४)

नाशिक शहरात द्वारका नावाचा एक चौक आहे. मुंबईहून आग्ऱ्यास जाणारा हमरस्ता आणि पुण्याचा रस्ता येथे एकमेकांस मिळतात, आणि दिवसरात्र गाड्यांचा असा काही गलबला चाललेला असतो की, पायी जाणाऱ्यास हा चौक ओलांडणे हा एक पराक्रमच वाटावा. श्रीकृष्णाची द्वारका समुद्राने गिळली असे पुराणे सांगतात. आमची द्वारका वाहनांच्या पुरात बुडालेली आहे. तथापि येथे घटकाभर उभे राहणाऱ्यास एक गोष्ट सुचल्यावाचून राहत नाही. येथून निघणारे तीनही रस्ते महाराष्ट्राच्या तीन दफ्तरखान्यांकडे जातात. पुण्याच्या वाटेने गेल्यास पेशवे दफ्तर लागते. मुंबईच्या वाटेने गेल्यास, १८२१ साली इंग्रज सरकारने काढलेल्या दफ्तरखान्याचा वारसा चालविणारे राज्याचे पुराभिलेखागार लागते. आग्ऱ्याच्या वाटेने धुळ्यास पोहोचल्यास, इतिहासाचार्य राजवाडे यांच्या मागे १९२७ साली त्यांच्या नावाने निघालेले संशोधन मंडळ आढळते. शिवाय पुण्याच्याच रस्त्यावर, काही मैलांवर, नाशिकरोडचा सरकारी छापखाना १९२५ पासून मुद्रांक छापीत आला आहे. म्हणजे कोरा सरकारी कागद जेथे जन्मास येतो ते ठिकाण आणि लिहिलेला सरकारी कागद जेथे म्हातारा होतो ती ठिकाणे, ही सर्व ह्या एका चौकाशी बांधलेली आहेत.

ह्या चौकानजीकच्या आमच्या बिऱ्हाडी गेल्या पावसाळ्यात रियासतकार सरदेसाई यांनी संपादिलेल्या पेशवे दफ्तराच्या खंडांपैकी जितके मिळाले तितके एकापाठोपाठ वाचण्याचा योग आला. नव्वद वर्षांपूर्वीच्या ग्रंथाचे परीक्षण आज कशासाठी, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर असे की, ह्या ग्रंथाच्या नावातील पहिल्या काही शब्दांतच एक प्रश्न दडलेला आहे आणि तो अद्याप सुटलेला नाही. कागद 'निवडलेले' आहेत. ते कोणी निवडले, कोणत्या अधिकाराने निवडले, आणि जे निवडले नाहीत त्यांचे पुढे काय झाले? सरकारचे कागद कोणाचे, ते राखावयाचे कोणी, आणि त्यांतील कोणते जगापुढे यावयाचे हे ठरवावयाचे कोणी, हाच तो प्रश्न होय.

प्रथम ग्रंथाची हकीकत थोडक्यात सांगितली पाहिजे. १८१८ साली पेशवाई बुडाली तेव्हा शनिवारवाड्याबरोबर पेशव्यांचे दफ्तरही इंग्रजांच्या हाती आले. पुढे पुण्यात त्याकरिता दगडी इमारत उठली आणि १८९१ पासून ते तेथे नांदू लागले. तीस हजारांहून अधिक रुमाल आणि त्यांत कोट्यवधी कागद, बहुतेक सर्व मोडीत, असा हा पसारा आहे. कागद सरकारच्या ताब्यात सुरक्षित होते खरे. परंतु अभ्यासकांस त्यांचे दर्शन दुर्लभ होते. राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' ह्या मालेचा पहिला खंड काढला तो वाईस मिळालेल्या खाजगी पत्रांवर, आणि १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले तेही खाजगी घराण्यांच्या माळ्यांवरील कागद वाचविण्याच्या ईर्षेने. पुण्यातल्या पुण्यात पेशव्यांचे मुख्य दफ्तर असताना पुण्याच्या संशोधकांनी गावोगाव हिंडून चिटोरे गोळा करावे, ह्यापरता दैवदुर्विलास कोणता? अखेर सर यदुनाथ सरकार यांच्या पाठबळाने, बडोद्याच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या सरदेसायांकडे १९२९ साली हे काम आले, आणि थोड्या साहाय्यकांनिशी त्यांनी ते पार पाडिले. एकाच गृहस्थास दार उघडले आणि इतरांस ते लोटलेलेच राहिले, ह्याबद्दल पुण्याच्या संशोधकमंडळींत नाराजी होती. ती अकारण होती असे आम्हांस वाटत नाही.

ग्रंथाचे गुण सांगावयास संकोच करण्याचे कारण नाही. पासष्टीस टेकलेल्या मनुष्याने चार-पाच वर्षांत असा डोंगर उपसावा, आणि उपसलेल्यातून पंचेचाळीस खंड वाचकांच्या हाती ठेवावेत, ह्याला तोड नाही. उदगीरची मोहीम, पानिपत, वसईचा वेढा, पेशव्यांच्या घरातील भाऊबंदकी, ह्या प्रकरणांवरील पत्रे वाचताना बखरींचे अलंकार गळून पडतात आणि माणसे बोलू लागतात. लढाईची बातमी पुण्यास पोहोचावयास दिवस लागत; त्या दिवसांत पुण्याहून सुटलेली पत्रे आज वाचणाऱ्याच्या अंगावर काटा उभा राहतो, कारण लिहिणाऱ्यास जे ठाऊक नव्हते ते आपणांस ठाऊक असते. नाशिकच्या वाचकास तर ह्या पानांत शेजारपाजारची माणसे भेटतात. गंगापुरास येऊन राहिलेल्या गोपिकाबाई, आनंदवल्लीस वाडा बांधून राहिलेले रघुनाथराव, ही नावे आमच्या रोजच्या रस्त्यांवरची आहेत.

एवढे म्हटल्यावर आमची तक्रार मांडतो. ह्या निवडीत राजकारण फार आणि राज्य थोडे आहे. पेशवे दफ्तर हे मुळात हिशेबी दफ्तर होय. रोजकीर्द, घडणी, प्रांत अजमास, पागा, पथके ही त्याच्या विभागांची नावेच पाहावीत. कोणत्या गावी वसूल किती, सूट कशाबद्दल, पाऊस पडला की नाही, कोणत्या देवस्थानास तेलवातीची नेमणूक काय, अशा नोंदींनी त्याचे बहुतेक रुमाल भरलेले आहेत. सरदेसायांनी सामाजिक व धार्मिक विषयांस, त्याचप्रमाणे पेशव्यांच्या खाजगी आयुष्यास, काही खंड दिले आहेत हे आम्ही विसरत नाही. परंतु त्यांची दृष्टी अखेर रियासतकाराची आहे. लढाई, तह, वारसा, फितुरी ह्यांकडे ती वळते. कुणब्याच्या सुटीचा अर्ज तिला सहसा थांबवीत नाही.

हे आम्ही आजच्या शहाणपणाने बोलतो असे कोणी समजू नये. गणेश चिमणाजी वाड यांनी पेशव्यांच्या रोजनिश्यांतून जे उतारे काढून ठेविले होते, त्यांवर न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० साली निबंध लिहिला. बखरी आणि इंग्रज इतिहासकार राजांच्या उलाढाली सांगतात. लोक कसे राहत होते हे कळावयाचे तर ह्या रोजनिश्यांकडे गेले पाहिजे, हा त्या निबंधाचा रोख आहे. म्हणजे सरदेसाई दफ्तरात शिरले त्याच्या तीस वर्षे अगोदर एका थोर पुरुषाने बोट दाखवून ठेविले होते. त्या बोटाच्या दिशेने जावयास पुढे आणखी वेळ लागला. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील आपला ग्रंथ १९५३ साली प्रसिद्ध केला तो निवाड्यांच्या व महजरांच्या जोरावर, आणि स्ट्युअर्ट गॉर्डन ह्या अमेरिकन अभ्यासकाने खानदेश व माळव्यातील मराठी अंमलाचे चित्र काढिले ते ह्याच दफ्तरातील रुक्ष हिशेबांवरून. आमच्या शेजारच्या खानदेशाची गोष्ट सांगावयास अमेरिकेहून मनुष्य येऊ शकला, ह्याचे कारण एकच. सरदेसायांनी न निवडलेले कागद कोणी जाळिले नव्हते.

दुसरी तक्रार रचनेविषयी आहे. दफ्तरातील कागद रुमालात कोणा एकाच्या शेजारी बांधलेला असतो. ह्या शेजारालाही अर्थ असतो. सरदारास लिहिलेल्या आर्जवाच्या पत्राशेजारी त्याच्याच पथकाच्या थकलेल्या पगाराची यादी असेल, तर आर्जवाचा अर्थ निराळा होतो. सरदेसायांनी विषयवार खंड पाडिले, त्यामुळे वाचकाची सोय झाली, परंतु ही शेजारणी एकमेकींपासून ताटातूट होऊन निरनिराळ्या घरी गेल्या. ज्यास एकच प्रकरण वाचावयाचे आहे त्यास हे खंड उपकारक आहेत. ज्यास राज्य कसे चालत होते हे पाहावयाचे आहे त्याने रुमालच सोडिला पाहिजे.

आता हा रुमाल आजवर टिकला कसा, हेही पाहण्यासारखे आहे. पेशव्यांच्या हुजूर दफ्तराचे दोन मोठे भाग होते. चालते दफ्तर हे दैनंदिन कामाचे, आणि एकबेरीज दफ्तर हे सर्व खात्यांचा गोळा ताळेबंद ठेवणारे. हे दुसरे पुण्यास कायम असे. नाना फडणिसांच्या अमदानीत ही व्यवस्था विशेष चोख झाली. उलट दुसऱ्या बाजीरावाच्या काळात दफ्तराकडे दुर्लक्ष झाले, कारकून बहुतेक निघून गेले, आणि लोकांस कागद घरी नेण्याचीही मोकळीक मिळाली, असे पेशवाईनंतर दफ्तर ताब्यात घेणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्याने नमूद केले आहे. ज्या राज्यकर्त्यास आपल्या कारभाराचा हिशेब कोणास द्यावयाचा नसतो, त्यास दफ्तर अडगळ वाटते, ह्याचे हे बोलके उदाहरण होय.

इंग्रजांनी ते राखिले ते इतिहासाच्या प्रेमाने नव्हे. जमीनमहसूल ठरविण्यास व इनामे तपासण्यास त्यांना ते हवे होते. १८५२ च्या कायद्यान्वये इनाम कमिशनास बळ आले, आणि ज्यांच्या घरी सनद नव्हती किंवा दफ्तरात नोंद सापडली नाही अशा कित्येकांची इनामे गेली. त्या पिढीस दफ्तर म्हणजे सरकारच्या हातातील शस्त्र वाटले असल्यास नवल नाही. परंतु ह्यातच मौज आहे. ज्या हेतूने कागद राखिला त्याच हेतूस तो बांधलेला राहत नाही. धाकासाठी राखिलेला कागद शंभर वर्षांनी ज्ञानासाठी उपयोगी पडतो, मात्र तो संपूर्ण राखिलेला असला पाहिजे.

नाना फडणिसांचे नाव वर आलेच आहे, तेव्हा त्यांच्याविषयीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हुजूर दफ्तर चोख राखणाऱ्या ह्याच मुत्सद्द्याने स्वतःच्या कारभाराचे पुष्कळ कागद वाईजवळच्या मेणवलीच्या आपल्या वाड्यात ठेविले. १८०० साली नाना वारले. वाडा वंशजांकडे राहिला आणि कागदही त्याबरोबर राहिले. पुढे रावबहादूर पारसनीस यांच्या खटपटीने ते साताऱ्याच्या संग्रहात आले आणि १९३९ च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पोहोचले. हे कागद नानांचे की राज्याचे? हिंदुस्थानातील दरबारांशी झालेला पत्रव्यवहार कोणाचाही खाजगी म्हणता येणार नाही. पण तो घरी होता म्हणून घरचा झाला. त्या घराने तो विकला असता, फाडला असता, किंवा त्यातील नानांस न शोभणारी चार पत्रे चुलीत टाकिली असती, तर त्यास विचारणारे कोण होते?

मेणवलीवरून अमेरिकेतील एका संस्थेची आठवण होते. त्या देशात राष्ट्राध्यक्ष पदावरून उतरला की सर्व कागद आपले समजून गाड्या भरून घरी नेत असे, अशी दीडशे वर्षांहून अधिक काळ चाल होती. चेस्टर आर्थर नावाच्या अध्यक्षांनी तर मरणापूर्वी आपले बहुतेक कागद जाळविले. फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ह्या चालीस चांगले वळण दिले. हाइड पार्क येथील आपल्या वाडीत त्यांनी लोकांच्या देणग्यांतून ग्रंथालय बांधविले, कागद त्यात ठेविले, आणि सर्व राष्ट्राच्या स्वाधीन केले. १९४१ साली ते उघडले. १९५५ साली कायदा होऊन ही पद्धती रूढ झाली. परंतु हे सर्व अध्यक्षाच्या मर्जीवर होते. मर्जीचा पाया किती ठिसूळ असतो हे रिचर्ड निक्सन यांच्या प्रकरणात दिसून आले. त्यांना १९७४ साली गैरकारभाराच्या आरोपांमुळे राजीनामा द्यावा लागला, आणि त्यांच्या कचेरीतील संभाषणांच्या ध्वनिफिती हाच त्यांच्याविरुद्धचा पुरावा होता. त्या त्यांच्याच हाती राहिल्या तर काय होईल, हे ओळखून त्याच वर्षी कायद्याने त्या व इतर कागद सरकारजमा करण्यात आले, आणि १९७८ च्या कायद्याने अध्यक्षाचे कागद हे राष्ट्राचे होत असे कायमचे ठरले. १९८१ पासून तो अमलात आहे.

तथापि तेथेही सर्व सुरळीत आहे असे समजू नये. अध्यक्षीय ग्रंथालयात कागदांबरोबर एक प्रदर्शनही असते, आणि ते पुष्कळदा त्या अध्यक्षाच्या मित्रांच्या पैशाने मांडलेले असते. निक्सन यांचे ग्रंथालय प्रथम खाजगी होते. २००७ साली ते सरकारी अभिलेखागाराकडे आले आणि २०११ साली त्या कुप्रसिद्ध प्रकरणाचे नवे, पुराव्यानिशी मांडलेले दालन तेथे उघडले. मधल्या वर्षांतील वादास कारण एवढेच की, स्मारक उभारणाऱ्यास आपला पुरुष थोर दिसावयास हवा असतो, आणि दफ्तर राखणाऱ्यास तो जसा होता तसा दिसावयास हवा असतो.

आपल्याकडे ही विभागणी आणखीच धूसर आहे. दिल्लीस तीन मूर्ती भवनात पंडित नेहरूंच्या स्मरणार्थ निघालेल्या, आणि २०२३ पासून प्रधानमंत्री संग्रहालय व ग्रंथालय असे नाव धारण करणाऱ्या संस्थेतून ५१ पेट्या कागद २००८ साली कुटुंबाकडे परत गेले, आणि त्यांवरून अलीकडे मोठा वाद माजला. त्या वादात कोणाचे खरे हे ठरविण्याची ही जागा नव्हे. कोणते पत्र घरचे आणि कोणते पदाचे, ही वाटणी वेळच्या वेळी झाली नाही की पुढील पिढ्यांस ती भांडून करावी लागते, एवढेच त्यातून घ्यावयाचे. १९६३ साली आमच्या नाशिकमधून बिनविरोध निवडून लोकसभेत गेलेले यशवंतराव चव्हाण १९६५ च्या युद्धात संरक्षणमंत्री होते. त्या दिवसांतील त्यांची रोजनिशी त्यांचे त्या वेळचे खाजगी सचिव राम प्रधान यांच्या पुस्तकामुळे २००७ साली, म्हणजे बेचाळीस वर्षांनी, लोकांपुढे आली. ती आली हे आपले भाग्य. परंतु राष्ट्राची स्मृती एखाद्या निष्ठावंत सचिवाच्या कपाटावर अवलंबून असावी काय?

येथे स्वतःच्या घरची एक गोष्ट सांगण्याची परवानगी वाचकांनी द्यावी. जिल्ह्यातील आमच्या गावी आमची व चुलतघराण्याची एक समाईक जमीन आहे. तिच्या वाटणीवरून दोन पिढ्या अबोला होता. जुन्या फेरफाराची नक्कल मिळावी म्हणून आम्ही एका कचेरीत खेपा घातल्या. ते पुस्तक गळक्या छपराखाली भिजून त्याची पाने एकमेकांस चिकटली आहेत, असे उत्तर मिळाले. कारकून भला मनुष्य होता. त्याने ती पाने आम्हांस दाखविली. ओल्या विटेसारखी ती हाताला लागली. पुढे घर आवरताना आजोबांच्या ट्रंकेत तीच नक्कल निघाली आणि ती चुलत्यांच्या बाजूची होती. ट्रंक आमची, माळा आमचा, सरकारी पुस्तक नष्ट झालेले. तो कागद चुलीत गेला असता तर ब्रह्मदेवासही कळले नसते. दोन दिवस तो आमच्या पेटीतच राहिला, हे येथे कबूल केले पाहिजे. तिसऱ्या दिवशी तो घेऊन आम्ही चुलतभावाकडे गेलो. अबोला संपला आणि जमिनीचा मोठा तुकडा गेला. परंतु ते दोन दिवस आम्ही विसरलो नाही. ज्याच्याविरुद्ध कागद बोलतो त्याच्याच पेटीत तो राहिला तर काय होऊ शकते, हे त्या दोन दिवसांत समजले. आम्ही साधी संसारी माणसे. राज्य चालविणाऱ्यांच्या पेट्यांत काय काय दोन दिवस राहिले असेल आणि तिसरा दिवस उजाडलाच नसेल, हे कोणी सांगावे?

कागद नाहीसा झाला की त्याची जागा दंतकथा घेते. नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ रोजी झाला. 'धरावे' ह्या हुकुमातील 'ध'चा 'मा' आनंदीबाईने केला, ही कथा महाराष्ट्रात शेंबड्या पोरासही ठाऊक आहे. तिची म्हणच होऊन बसली. पण ज्या कागदावर ही अक्षरे फिरली म्हणतात तो कागद आज कोणास दाखविता येत नाही. त्या बाईचा दोष होता की नव्हता हे आम्ही सांगू शकत नाही. अडीचशे वर्षे एका स्त्रीस न पाहिलेल्या कागदावरून शिक्षा होत आहे, एवढे मात्र खरे. आनंदवल्लीवरून जाताना नाशिककराने ह्याचा विचार करावा.

ह्याच्या उलट उदाहरणही आमच्याच गावी आहे. २ मार्च १९३० रोजी डॉक्टर आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. त्या वेळच्या सरकारने सत्याग्रहींवर नजर ठेवण्याकरिता पोलिसांकडून अहवाल लिहवून घेतले. लिहिणाऱ्यांच्या मनात त्या चळवळीचा गौरव करावयाचे नव्हते, हे उघड आहे. पण १९८२ साली महाराष्ट्र सरकारने डॉक्टर आंबेडकर व अस्पृश्यांची चळवळ ह्यांविषयीच्या साधनांचा खंड काढिला तेव्हा असेच अहवाल व वृत्तपत्रांतील उतारे त्याचा पाया झाले. ज्यांच्यावर पहारा होता त्यांच्याच धैर्याची साक्ष पहारेकऱ्याच्या टिपणाने दिली. त्या दिवसांतील एखाद्या अधिकाऱ्यास 'हे बिनमहत्त्वाचे' म्हणून निवड करण्याची मुभा असती, तर त्यातील किती कागद उरले असते?

आज कायद्याची उणीव नाही. केंद्राचा सार्वजनिक अभिलेख अधिनियम १९९३ सालचा आहे, आणि बेकायदा कागद नष्ट करणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा त्यात सांगितली आहे. महाराष्ट्राचा स्वतंत्र अधिनियम २००५ सालचा आहे. त्याच वर्षीच्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने प्रत्येक कचेरीने आपले अभिलेख याद्या करून नीट लावून ठेवावेत असे बंधन घातले आहे. पण कायदा रुमालाची गाठ सोडीत नाही आणि छपरही शाकारीत नाही. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयास आग लागली, तीत पाच माणसे दगावली आणि वरच्या मजल्यांवरील कागदांची राख झाली. तेव्हापासून कागदांच्या प्रतिमा यंत्रात साठविण्यास जोर आला हे ठीक झाले. परंतु यादीवाचून साठविलेली प्रतिमा ही अंधाऱ्या कोठीतील रुमालासारखीच होय, आणि पेशवे दफ्तराच्या बाबतीत तर मोडी वाचणारा मनुष्यच दुर्मीळ होत चालला आहे. त्यात नवी अडचण अशी की, आजचे पुष्कळसे हुकूम कागदावर उतरतच नाहीत. ते मोबाइलवरील संदेशांतून सुटतात आणि बोटाच्या एका स्पर्शाने नाहीसे होतात. नव्या मेणवल्या आता खिशात मावू लागल्या आहेत.

ह्या सर्व विचारानंतर सरदेसायांच्या ग्रंथाविषयी आमचा निकाल काय? आमच्या मते हा मोठा ग्रंथ आहे आणि तो पुरता नाही, आणि ही गोष्ट संपादक स्वतः जाणून होते. म्हणूनच खंडांच्या जोडीला त्यांनी १९३३ साली संपूर्ण दफ्तराची ओळख करून देणारी मार्गदर्शिकाही लिहिली. खंड वाचणारे शेकडो निघाले, मार्गदर्शिका उघडणारे थोडे. परंतु आम्हांस तीच त्यांच्या कामातील अधिक दूरदृष्टीची गोष्ट वाटते. खंडांत 'मला हे महत्त्वाचे वाटले' असे ते सांगतात. मार्गदर्शिकेत 'येथे एवढे आहे, तुम्हांस काय हवे ते पाहा' असे म्हणून बाजूस होतात. चांगल्या दफ्तरदाराचे लक्षण हेच. निवड प्रत्येक पिढीने आपल्या प्रश्नाप्रमाणे करावी. राखण मात्र निवड न करता व्हावी. आणि ज्याच्या हातून कागद झाला त्याच्या हाती ही राखण ठेवू नये, मग तो पेशवा असो, फडणीस असो, अध्यक्ष असो की एखाद्या ट्रंकेचा वारस असो.

ज्या वाचकांच्या घरी मुले इतिहासाचा अभ्यास करितात त्यांना आमची एकच सूचना आहे. सुटीत मुलांस किल्ले दाखवितो त्याप्रमाणे एकदा पुण्याच्या त्या दगडी इमारतीचेही दर्शन घडवावे, आणि साधल्यास एखाद्यास मोडी शिकवावी. द्वारकेच्या चौकात पुण्याची गाडी सहज मिळते. परत येताना खंड आणण्याची घाई नाही. सुटलेल्या रुमालाचा एक वास असतो, तेवढा नाकात घेऊन आले तरी पहिल्या खेपेस पुरे आहे.